अ.पा.क. आई

सासू-सुनेच्या भांडणात नणंद म्हणजे आईची वकील, असं आपल्याकडे धरूनच चालतात. खालच्या संवादात ते उलटं आहे. या दोघी मी रचल्या आहेत. त्यांच्या घरातलं प्रकरण रचायला मात्र फार डोकं लागलं नाही. अकोल्या-अमरावतीच्या चार घरांत चहा घेतला की ते आपसूक जमतं.

नणंद अमरावतीला कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. भावजय अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात प्रमाण भाषा, घरी वऱ्हाडी. एकीची आई आणि दुसरीची आत्याबाई, म्हणजे सासू, असलेली बाई अकोल्याच्या घरी आहे. मूर्तिजापूर तालुक्यात नऊ एकर शेत. नातू पुण्यात नोकरीला. त्यानं वेगळ्या जातीतली मुलगी पसंत केली, तेव्हा आजीनं अन्न सोडलं आणि ‘शेत बक्षीस करून टाकते’ म्हणाली. भावजय अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून अमरावतीला आली आहे. दर्शन झालंय, ओटी भरून झालीय, आणि दोघी नणंदेच्या स्वयंपाकघरात बसल्यात.

भावजय : पैले एक सांगते, ताई. अन्न सोडलं म्हणजे पुरं नाई सोडलं. मी शाळेत गेली का त्या दूध-भाकर कुस्करून खातात. वाटी धुऊन पालथी घालून ठेवतात, मले समजू नये म्हणून. मी बी समजलं तसं दाखवत नाई.

नणंद : म्हणजे हा देखावा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दादाला?

भावजय : त्याईले नाई सांगतलं. त्याईले वाटते माय उपाशी हाये, म्हणून ते बी जेवत नाईत.

नणंद : वा! आई चोरून जेवते, तिचा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा खरोखर उपाशी राहतो, आणि सून दोघांचं झाकून ठेवते. वहिनी, माझ्याकडे नवरा-बायकोचं भांडण म्हणून फाइल येते. पहिल्या तारखांना पैसे, संशय, मारहाण, सगळं निघतं. मग कधीतरी समुपदेशकासमोर नवरा हळूच म्हणतो, ‘घरी विचारून सांगतो.’ तेव्हा कळतं, खटला नेमका कुणाकुणात चाललाय.

भावजय : तुमचा आत्याबाईवरचा राग जुना हाये.

नणंद : आहेच. माझ्या नावानं आलेलं प्रत्येक पत्र आधी ती फोडायची, मग मला मिळायचं. अजूनही दिवाळीत फोन करून विचारते, कोणती साडी नेसलीस.

भावजय : अन् लॉची फी कोणं भरली होती?

नणंद : तिनंच.

भावजय : पाटल्या मोडून. त्या पाटल्या माह्या लग्नात मले घालाच्या होत्या, असं त्याईनंच मले सांगतलं. पंचवीस वर्सं झाले, अजून वर्सातून एक खेप सांगतात.

नणंद : तेच तर! दिलं, आणि दिल्याचं व्याज दोघींकडून पंचवीस वर्षं वसूल केलं.

भावजय : व्याज घेतलं असंन. पण मुद्दल होतं ना हातात? १९८६ ले मामाजीले, तुमच्या बाबाले, शेतात सर्प चावला तव्हा तुमी पाच वर्साच्या. तेरवी होत नाई तर मोठे मामाजी कागद घेऊन आले. शेत आमी वाहतो, तू लेकरं घेऊन माहेरी जाय. बाकीच्या बाया असत्या तर अंगठा देऊन मोकळ्या झाल्या असत्या. ह्या तलाठ्याच्या दारात जाऊन बसल्या. खारपाणपट्ट्यातली जमीन, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाई, सारं पावसाच्या भरोशावर. तरी पऱ्हाटी लावली, तूर लावली, मजुराईच्या बरोबर निंदाले बसल्या. चुकारा आणाले जिनिंगवर गेल्या तव्हा गाव काय काय बोललं, थे मी तुमाले सांगू का?

नणंद : सांगू नका, माहीत आहे. आणि त्याबद्दल मी तिच्या पाया पडते. माझं म्हणणं एवढंच, की त्या वेळी गावानं जे करू पाहिलं, तेच ती आज घरात करते. कापसाचा चुकारा दादाच्या खात्यात येतो आणि संध्याकाळपर्यंत तिच्या कपाटात जातो. तुमचा पगार होतो तेव्हा पासबुक कोण बघतं?

भावजय : मी दाखवते.

नणंद : न मागता?

भावजय : आता मागाव लागत नाई.

इथे वकिलीणबाईंना वाटलं, साक्षीदार हातात आला. मला तसं वाटत नाही. न मागता पासबुक दाखवणाऱ्या बाईनं पासबुकाबरोबर आणखीही बरंच काही सासूच्या हवाली केलेलं असतं. जबाबदारी, उदाहरणार्थ. ते पुढे येईल.

भावजय : दहावीच्या पोराईले मी कव्हा कव्हा इरावती कर्व्याईचा ‘परिपूर्ती’ वाचून दाखवते. अभ्यासक्रमात असो का नसो. सभेत त्याईची ओळख करून देतात, अमक्याची लेक, अण्णा कर्व्याईची सून, अमक्याची बायको. त्याईले वाटते, काही तरी राह्यलं. मंग रस्त्यावर पोट्टे म्हणतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची माय, अन् ओळख पुरी होते. वर्गात पोरी हासतात. मले आत्याबाई दिसतात.

नणंद : वहिनी, तो लेख लिहिणारी बाई डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होती. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट करून आलेली. आपल्या नावावर एवढं सगळं जमा असताना ‘अमक्याची आई’ म्हणवून घेण्यात गंमत असते, ती हसत हसत लिहू शकते. आपल्या आईकडे दुसरी ओळखच नव्हती. जिच्याकडे एकच ओळख असते, तिनं ती हातातून सोडायची कशी?

भावजय : मंग तुमी बी माह्यासारखंच बोलून राह्यल्या.

नणंद : अर्ध्यापर्यंत. ती अशी का झाली ते मला पक्कं कळतं. कळलं म्हणून चालवून घ्यायचं का, एवढाच आपला वाद आहे.

भावजय : २०१७ चं तुमाले पुरं माहीत नाई. तुमाले फोनवर कोणं सांगतलंच नाई.

नणंद : बोंडअळीचं साल?

भावजय : हो. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, पण बोंड फोडलं का अंदर गुलाबी अळी. पुरं रान तसं. फवारणीवर फवारणी झाली, सोसायटीचं कर्ज तसंच राह्यलं. तुमचे दादा बोलेनासे झाले. जेवाले बसले का ताटाकडं पाहत राहायचे. मले वाटे, थकले असतीन. आत्याबाईनं एका नजरेत ओळखलं. फवारणीचं सारं औषध लोखंडी पेटीत घातलं, कुलूप लावलं, किल्ली कंबरेच्या जुडग्यात. रात्री दाराशी आडवी खाट टाकून झोपत. लेकाले एकटं म्हणून सोडलं नाई, शेतात बी पाठीमागं जात. मी त्या दिवसात काय करत होती, माहीत हाये? चाचणीचे पेपर तपासत होती. मले काई दिसलंच नाई. म्हणून मी कोणत्या तोंडानं म्हणू, किल्ल्या द्या म्हणून?

(नणंद बराच वेळ काही बोलत नाही. कुकरची शिट्टी होते, ती उठून गॅस बंद करते.)

नणंद : हे मला माहीत नव्हतं.

भावजय : म्हणून सांगतलं.

नणंद : मग मी एक विचारते, राग मानू नका. २०१७ ला ते कुलूप लागायलाच हवं होतं. २०१८ ला का उघडलं नाही? दादाला डॉक्टरकडे नेलं होतं का?

भावजय : नाई. घरातली गोष्ट घरात राहू दे, म्हणल्या.

नणंद : बघा, तिनं मुलगा वाचवला आणि मुलाला आजारी आहे असं कधी म्हणू दिलं नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, नैराश्य कसं ओळखायचं, कुणाशी कसं बोलायचं, दवाखान्याची वाट कशी दाखवायची. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार मदत घेत होते, दीड वर्षानं सत्तावीस. २०१७ लाच ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं. म्हणजे ज्या वर्षी आपल्या घरी खाट आडवी टाकली होती, त्याच वर्षी हे जगाला कळत होतं. आता तर १४४१६ वर फोन केला तरी मराठीत बोलायला माणूस मिळतो. आईनं पहारा केला, त्याला तोड नाही. पण पहाऱ्यात ठेवलेला माणूस बरा झाला की नाही हे कोण बघणार?

भावजय : ते आत्याबाईशिवाय अजून निर्णय घेत नाईत, हे खरं हाये. बियाणं कोणतं घ्यावं, थे बी विचारतात.

नणंद : घेतील कसे? सातबाऱ्यावर काय लिहिलंय पाहिलंत कधी?

भावजय : आत्याबाईचं नाव हाये.

नणंद : नीट बघा. ती जमीन बाबांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली. मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी, तिघांना सारखा हिस्सा. आम्ही दोघं लहान, म्हणून फेरफारात लिहिलं : दादाचं नाव, माझं नाव, पुढे ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई. अठरा पूर्ण झाले की दाखला जोडून अर्ज करायचा आणि तो शेरा कमी करून घ्यायचा. कुणी केला नाही. आज तारखेला दादा सत्तेचाळीसचा, केस पिकलेत, मुलगा लग्नाला आलाय आणि सरकारदरबारी तो अज्ञान आहे. मी स्वतः वकील, लोकांचे फेरफार दुरुस्त करून देते, आणि मीही अज्ञान.

भावजय : (हसते) अगं माय! तुमी बी?

नणंद : हसता काय! म्हणून तर तिच्या बक्षीसपत्राला मी भीत नाही. ती फार तर तिच्या तिसऱ्या हिश्श्याचं करू शकते. नऊ एकर तिचे कधी नव्हतेच. उलट आम्ही लहान असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय आमचा हिस्सा विकायची तिला मुभासुद्धा नव्हती. विकला असता तर मोठं झाल्यावर आम्ही तो व्यवहार मोडू शकलो असतो.

भावजय : कायद्यात नसंन मुभा. गावात सौदाचिठ्ठीवर लोकं सारं विकतात. त्याईनं नाई विकलं.

नणंद : मान्य. ते तिचंच.

मला या शेऱ्याचं फार वाटतं. हजारो सातबाऱ्यांवर तो तसाच पडून आहे. तलाठ्याला त्याची घाई नाही, मुलांना गरज वाटत नाही, आणि आई स्वतः होऊन ‘माझं पालकत्व संपलं, नाव काढा’ म्हणत नाही. कायद्यानं पालकत्व संपतं ते वाढदिवसाला. घरात ते संपायचा दिवसच ठरलेला नाही. सोळा वर्षांच्या मुलाला १७६१ साली पेशवाईची वस्त्रं मिळाली, तरी त्याच्या आईला, गोपिकाबाईंना, तो दिवस ठरवता आला नाही. माधवरावांचं आणि त्यांचं पटेना, शेवटी बाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या आणि पुढे तिथून नातवाला, सवाई माधवरावाला, कसं वागावं याची कलमं लिहून पाठवत राहिल्या. शनिवारवाड्यात जे जमलं नाही ते अकोल्याच्या तीन खोल्यांत जमावं अशी आपली अपेक्षा. जिजाऊंचं नाव घेणारे यावर लगेच हात वर करतील, विशेषतः सिंदखेड राजा आपल्याच वऱ्हाडात असल्यामुळे. त्यांनी एवढं आठवावं की त्या आईनं मुलगा घडवला तो किल्ले घ्यायला धाडण्यासाठी, आणि १६६६ ला तो आग्र्यात अडकला तेव्हा राज्य सांभाळून ठेवलं ते तो परतल्यावर त्याच्या हाती देण्यासाठी.

भावजय : मंग मी वेगळी चूल मांडू का? तुमी वकील म्हणून सांगा. आमच्या शाळेतली एक बाई म्हणे, नवऱ्याले मायपासून तोडलं तर थे क्रूरता होते, घटस्फोट भेटते.

नणंद : अर्धवट ऐकलंय त्यांनी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ६ ऑक्टोबर २०१६ चा, नरेंद्र विरुद्ध के. मीना. सबळ कारण नसताना नवऱ्याला आईबापांपासून वेगळं व्हायला भाग पाडणं ही क्रूरता. ‘सबळ कारण नसताना’ हे शब्द लोक गाळतात. आणि गंमत बघा, त्याच दिवशी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं हर्सोरा खटल्यात घरगुती हिंसेच्या कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. म्हणजे तक्रार बाईविरुद्धही करता येते, सासूविरुद्ध सुनेला आणि सुनेविरुद्ध सासूला. त्या खटल्यात तर तक्रार करणाऱ्या आई आणि लेक होत्या, मुंबईच्या. एकाच दिवशी एका खोलीत सून बांधली गेली आणि दुसऱ्या खोलीत दोघींना सारखं हत्यार मिळालं.

भावजय : मले हत्यार नको. मले दुपारी घरी आल्यावर फ्रिज उघडता आला पायजे, कोणं विचारू नये, काय काढलं म्हणून.

नणंद : हे तुम्ही तिला कधी म्हणालात?

भावजय : नाई.

नणंद : दादाला?

भावजय : ते म्हणतात, तिचं वय झालं.

नणंद : १९८६ ला तिचं वय नव्हतं तेव्हा सगळे म्हणायचे, तिच्यावर दुःख कोसळलंय. आता वय झालं. मधली चाळीस वर्षं बोलायला मुहूर्तच सापडला नाही. बरं, ते जाऊ दे. मुलाच्या लग्नाचं सांगा. पोरगा चोवीसचा, मुलगी सज्ञान. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, सह्या करायच्या. आजीच्या परवानगीचा रकाना त्या अर्जात नाही. तुम्हाला ती मुलगी पसंत आहे का?

भावजय : आत्याबाई हो म्हणतीन असं नाई वाटत.

नणंद : आईचं नाही विचारलं. तुमचं.

भावजय : मी तिले अजून भेटली नाई.

नणंद : पुण्याला गेला होतात ना दिवाळीनंतर?

भावजय : पोरगा म्हणे भेट. मी म्हणलं, आजीले विचारल्याशिवाय कशी भेटू?

आता ती जबाबदारीची गोष्ट. घरात एक हुकूमशहा असला की बाकीच्यांना एक सोय होते, आपले नकार आपण उच्चारावे लागत नाहीत. या घरातल्या बापाला आंतरजातीय सून नको आहे का, मला माहीत नाही. त्यानं तोंडच उघडलेलं नाही. आईला नको असावी. पण नकार जमा झाला तो आजीच्या खात्यात, आणि उपोषणही तिलाच करावं लागलं. वऱ्हाडातल्या कितीतरी ‘कडक’ सासवा अशा सगळ्या कुटुंबाचा भित्रेपणा एकट्या वाहतात आणि वर नाव खराब करून घेतात. हे भावजयीला समजलं, असं तिच्या पुढच्या वाक्यावरून वाटतं.

भावजय : मी पोराले दिवसातून किती फोन करते, थे त्यानं सांगतलं का तुमाले?

नणंद : सांगितलं. मीटिंगमध्ये असला तरी उचलतो म्हणाला, नाही उचलला तर तुम्ही त्याच्या रूममेटला करता.

भावजय : (थोडं थांबून) त्या मुलीचा नंबर द्या मले. तुमच्याजवळ असंन.

नणंद : आहे. दादालाही द्या. आणि तो शेरा कमी करायचा अर्ज मी करून ठेवते, दादाची सही तेवढी लागेल. नोटीस निघेल, आईलाही मिळेल.

भावजय : कागदाआधी तोंडानं सांगाव लागते, ताई. नाई तर त्याईले वाटंन, मोठ्या मामाजीनं तेरवीले आणला होता तसाच हा कागद.

नणंद : आधी सांगितलं तर ती खरंच जेवण सोडेल.

भावजय : सोडतीन. तरी आधीच सांगाव लागते. अन् तुमी सांगाव लागते, मी नाई. मी सांगतलं तर सुनेनं घर फोडलं होते. बक्षीसपत्राचं त्याईनं तुमालेच म्हणलं होतं ना, तुह्या नावानं करते म्हणून?

नणंद : म्हणाली होती. दादाला धडा शिकवायला माझा उपयोग. मी नको म्हटलं. तिचा हिस्सा तिच्याजवळ राहू दे, तिच्या म्हातारपणाचा तोच आधार.

भावजय : अन् तुमचा हिस्सा?

नणंद : माझा काय?

भावजय : हक्कसोडपत्र करून देसान ना? साऱ्या बहिणी देतात. राखीले साडी-चोळी करतोच आमी.

नणंद : नाही, वहिनी. तीन एकर माझे आहेत. ते मी सोडणार नाही.

भावजय : पंचवीस वर्सं निंदलं-डवरलं कोणं? कर्ज कोणं फेडलं? २०१७ ले...

नणंद : मग मी काय करू? मायनं देलं तर घ्याव नाई, बापाचं हाये थे बी घ्याव नाई? रोज कोर्टात मी दुसऱ्याच्या बहिणींले सांगते, सही करू नका म्हणून. अन् घरी येऊन करू?

(तिची प्रमाण भाषा कुठे गेली, हे तिच्याही लक्षात आलेलं नाही.)

भावजय : आत्याबाई म्हणतच होत्या, ताई असंच म्हणंन म्हणून.

नणंद : कधी म्हणाली?

भावजय : काल. अंबादेवीले जाय म्हणल्या, अन् जाता जाता ताईचं काय मन हाये थे बी पाहून ये.

नणंद : तिनं पाठवलं तुम्हाला?

भावजय : पाठवलं नाई. जाय म्हणल्या.

नणंद : मग जाऊन सांगा तिला, तीन एकराचं. आणि हेही सांगा, सोमवारी मी अकोल्याला येतेय, दादाला घेऊन तलाठ्याकडे जाणार आहे. तिला आधी मीच सांगेन, तुम्ही म्हणता तसं, समोर बसून.

भावजय : सोमवारी नका येऊ. सोमवारी त्याईची शुगर तपासाले न्यायची हाये, उपाशीपोटी. मंगळवारी या. अन् त्या मुलीचा नंबर राहूनच गेला.